पेशंटच्या आधी कॉम्प्युटरवर ऑपरेशन: मऊ अवयवांची नक्कल करणं इतकं अवघड का आहे?

डोळ्यांवर व्हीआर हेडसेट, दोन्ही हातांत कंट्रोलर आणि समोरच्या स्क्रीनवर लालभडक लिव्हर. डॉक्टर हवेत हात फिरवतो आणि स्क्रीनवर लिव्हर कापलं जातं, रक्तसुद्धा येतं. खाली कॅप्शन असते, 'आता डॉक्टर पेशंटवर शिकणार नाहीत!' अशी एखादी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. कमेंट्समध्ये दोन गट ठरलेले असतात. एक म्हणतो, 'भविष्य आलं.' दुसरा विचारतो, 'व्हिडिओ गेम खेळून कुणी सर्जन होतं का?'

दोघांचंही थोडं बरोबर आहे. सिम्युलेटरवर सराव केलेले डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये कमी चुका करतात, याचे पुरावे आहेत. आणि त्या रीलमधलं लिव्हर खऱ्या लिव्हरसारखं वागत नाही, हेही खरं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजून घ्यायचं तर आधी एक साधा प्रश्न विचारावा लागेल.

सर्जन पहिलं ऑपरेशन कुणावर करतो?

उत्तर सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही. पहिलं ऑपरेशन कुणातरी पेशंटवरच होतं. वर्षानुवर्षं सर्जरी शिकवण्याची पद्धत 'एक बघा, एक करा, एक शिकवा' अशीच सांगितली जाते. शेजारी सीनियर उभे असतात, चुकलं तर हात धरतात. बहुतेक वेळा सगळं सुरळीत पार पडतं.

पण तंत्रच नवीन असेल आणि सीनियरलाही ते नीट येत नसेल तर काय होतं, हे १९९० च्या आसपास जगाने पाहिलं. पोटाला मोठा छेद न देता, छोट्या छिद्रांतून कॅमेरा घालून पित्ताशय काढण्याची म्हणजे लॅप्रोस्कोपीची पद्धत तेव्हा नुकतीच आली होती. जर्मनीत एरिक म्यूह यांनी १९८५ मध्ये आणि फ्रान्समध्ये फिलिप मुरे यांनी १९८७ मध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि पुढच्या काही वर्षांत ती सगळीकडे पसरली. पेशंटला हवीच होती, कारण दुखणं कमी आणि घरी लवकर जाता येतं.

अडचण अशी की अनुभवी सर्जनसुद्धा यात नवशिके होते. हाताला अवयव लागत नाही, लांब दांड्याच्या चिमट्यातून काम करायचं आणि बघायचं सपाट स्क्रीनवर. ओपन सर्जरीत पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण साधारण हजारात १ ते २ होतं. लॅप्रोस्कोपीच्या सुरुवातीच्या काळात ते हजारात ४ ते ६ च्या घरात गेलं. आकडा छोटा वाटेल. पण पित्तनलिका कापली गेली तर माणूस महिनोन्महिने हॉस्पिटलच्या वाऱ्या करतो, पुन्हा मोठं ऑपरेशन होतं, कधी जिवावरही बेततं.

पेशंटच्या आधी दुसऱ्या कशावर तरी हात बसवायला हवा, ही मागणी तेव्हापासून जोरात सुरू झाली.

विमानाचं जमलं, मग लिव्हरचं का नाही?

प्रत्येक चर्चेत इथे पायलटचं उदाहरण येतं. पायलट आधी सिम्युलेटरवर तासन् तास घालवतो, मग खरं विमान चालवतो. सर्जनचंही तसंच करा की!

उदाहरण चांगलं आहे, पण त्यात एक मोठा फरक लपलेला आहे. विमान माणसाने बनवलेलं आहे. त्याची प्रत्येक पट्टी कुठल्या धातूची, किती जाडीची, किती वाकते, हे कंपनीला माहीत असतं. शरीराचा असा कुठलाही नकाशा कंपनीकडून मिळत नाही. शिवाय एका मॉडेलची दोन विमानं सारखी असतात, दोन माणसांची लिव्हर नसतात.

त्यातही हाडाचं काम तुलनेनं सोपं आहे. ते कडक असतं, जागचं हलत नाही, सीटी स्कॅनमध्ये स्वच्छ दिसतं. खरा घोळ मऊ ऊतींचा आहे. ऊती म्हणजे पेशी आणि तंतूंचं विणलेलं कापडच म्हणा. लिव्हर, आतडं, स्नायू, मेंदू, त्वचा, रक्तवाहिन्या हे सगळं यात येतं. हात लावला की हे सगळं हलतं, दबतं, घसरतं.

आकार कळला, स्वभावाचं काय?

आकाराचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये 'व्हिजिबल ह्युमन' प्रकल्पातून एका पुरुषाच्या संपूर्ण शरीराची माहिती खुली केली. टेक्सासमध्ये मृत्युदंड झालेल्या जोसेफ जर्निगन याने देहदान केलं होतं. त्याचं गोठवलेलं शरीर डोक्यापासून पायापर्यंत १ मिलिमीटरच्या थरांत कापून प्रत्येक थराचा फोटो काढला गेला. एकूण १,८७१ थर. पुढच्या वर्षी एका महिलेच्या शरीराचे ०.३३ मिलिमीटरचे थर आले. आभासी शरीररचनेच्या कित्येक मॉडेल्सची सुरुवात या दोन देहांपासून झाली.

पण फोटोवरून लिव्हर कसं दिसतं ते कळतं. ओढलं तर किती ताणलं जाईल, कुठे फाटेल, हे कळत नाही.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. कानाची पाळी हलकेच ओढा. सुरुवातीला सहज ताणली जाते, मग एका टप्प्यावर एकदम अडते. रबरबँड असं वागत नाही. त्वचेत कोलॅजनचे तंतू कुरळ्या धाग्यांसारखे असतात. आधी ते सरळ होतात, तोवर विरोध कमी असतो. सरळ झाले की मात्र दोरी ताठ होते.

दुसरी गोष्ट वेळेची. पुरणपोळीची सैल कणीक हळू ओढली तर लांबत जाते, झटका दिला तर तुटते. मऊ अवयवही साधारण असेच. किती जोर लावला यासोबत किती वेगाने लावला, हेही महत्त्वाचं. तिसरी गोष्ट मटण चिरणाऱ्या कुणालाही माहीत असते. स्नायू धाग्याच्या दिशेने वेगळा आणि आडवा वेगळा कापला जातो. आणि चौथी, अवयवांत पाणी भरपूर असल्यामुळे एका बाजूने दाबलं की ते दुसरीकडे फुगतात, पाण्याच्या फुग्यासारखे.

हे सगळं गणितात बसवण्याचं श्रेय ज्यांना जातं त्यांतलं सगळ्यात मोठं नाव युआन-चेंग फंग. गंमत म्हणजे हे मूळचे विमानवाले. अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये विमानाचे पंख वाऱ्याने कसे थरथरतात यावर त्यांचं काम होतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते जर्मनीत असताना चीनमध्ये त्यांच्या आईला काचबिंदू झाला. तिच्या डॉक्टरांना उपयोग व्हावा म्हणून त्यांनी डोळ्यांवरचे शोधनिबंध वाचायला सुरुवात केली आणि त्यातून शरीरशास्त्राची गोडी लागली. १९६६ मध्ये ते सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेले आणि पुढचं आयुष्य जिवंत ऊतींच्या यांत्रिकीत घालवलं. ऊती जितकी ताणलेली, तितकी ती आणखी ताणायला कठीण, हा संबंध त्यांनी प्रयोगांतून मोजून सूत्रात मांडला. आजही बऱ्याच मॉडेल्सच्या मुळाशी त्यांचंच काम आहे.

सेकंदाला हजार वेळा

आता हे कॉम्प्युटरमध्ये घालायचं कसं? लिव्हरचा आकार हजारो छोट्या पिरॅमिडसारख्या तुकड्यांत विभागला जातो. प्रत्येक तुकडा शेजाऱ्याला जोडलेला. एका कोपऱ्याला धक्का दिला की तो शेजाऱ्याला, शेजारी पुढच्याला ढकलतो. या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट' म्हणतात. पूल आणि गाड्या डिझाइन करतानाही इंजिनिअर हीच वापरतात.

पूल डिझाइन करणाऱ्याला घाई नसते. रात्री गणित लावून घरी गेलं आणि सकाळी उत्तर बघितलं तरी चालतं. सर्जनला मात्र उत्तर त्याच क्षणी हवं. डोळ्याला सलग हालचाल दिसायला सेकंदाला ३० चित्रं पुरतात. हाताचं तसं नाही. चिमट्याला अवयव लागल्याची जाणीव हाताला खरी वाटायची तर जोराचा हिशेब सेकंदाला साधारण १,००० वेळा करावा लागतो. त्यापेक्षा हळू झाला तर कडक गोष्टीला टेकल्यावर हातातलं यंत्र थरथरतं आणि सगळा भ्रम तुटतो. १०,००० बिंदूंचं लिव्हर घेतलं तर प्रत्येक बिंदूच्या तीन दिशा, म्हणजे ३०,००० अज्ञात संख्यांचं गणित आणि वेळ एका मिलिसेकंदाची.

फ्रान्सच्या इनरिया या संशोधन संस्थेतल्या स्टेफान कोताँ, हर्वे दलँजेत आणि निकोलास आयाश यांनी १९९९ मध्ये यावर एक शक्कल काढली. अवयव कुठे दाबला तर कसा वाकेल, याचा बराचसा हिशेब आधीच करून ठेवायचा आणि प्रत्यक्षात फक्त ती उत्तरं जोडायची. वेग मिळाला. पण सर्जरीत नुसतं दाबायचं नसतं, कापायचंही असतं! एक छेद दिला की तुकड्यांची जोडणी बदलते आणि आधी केलेला हिशेब रद्दी होतो. म्हणून पुढे त्यांनी दोन पद्धती एकत्र केल्या. जिथे कापायचं तेवढ्या छोट्या भागाचं गणित प्रत्यक्ष वेळेत करायचं, बाकीच्यासाठी तयार उत्तरं वापरायची.

तेव्हापासून ग्राफिक्स कार्ड प्रचंड वेगवान झाली. इनरियातूनच पुढे 'सोफा' नावाचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर आलं. आता न्यूरल नेटवर्कला हजारो गणितं आधी दाखवून पुढचं उत्तर झटकन द्यायला शिकवलं जातं. म्हणजे वेगाची अडचण हळूहळू सुटत चालली आहे.

पण वेगाने दिलेलं उत्तर बरोबर असेलच असं नाही.

कुणाचं लिव्हर? जिवंत की मृत?

गणितात आकडे घालावे लागतात आणि ते कुठून तरी मोजून आणावे लागतात. इथे या क्षेत्राची सगळ्यात दुखरी नस आहे.

मृत शरीरातला अवयव मोजायला सोपा, पण तो जिवंत अवयवासारखा वागत नाही. त्यात रक्त वाहत नसतं, तापमान वेगळं असतं. हार्वर्डच्या संशोधकांनी २००६ मध्ये डुकराच्या लिव्हरवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की रक्ताच्या जागी द्रव फिरवत ठेवला तर लिव्हर जिवंत अवस्थेच्या जवळपास वागतं. नाहीतर त्याचे गुणधर्म बदलतात. जिवंत माणसावर मोजायचं तर हलकेच दाबून बघता येईल. पण किती ओढल्यावर फाटतं हे बघायला कोण तयार होणार? आणि नवशिक्या सर्जनला तर तेच कळायला हवं असतं.

माणसामाणसांतला फरकही थोडाथोडका नाही. फॅटी लिव्हरच्या पेशंटला डॉक्टर फायब्रोस्कॅन करायला सांगतात, तो रिपोर्ट काढून बघा. त्यात लिव्हर किती कडक आहे हे किलोपास्कलमध्ये लिहिलेलं असतं. निरोगी लिव्हर साधारण ७ च्या खाली. सिरॉसिसचा संशय १२-१३ च्या पुढे, आणि आजार खूप वाढला असेल तर आकडा ५०-६० च्याही वर जातो. म्हणजे दोन पेशंटच्या लिव्हरमध्ये दहापट फरक असू शकतो. सिम्युलेटरमधलं 'सरासरी' लिव्हर मग नेमकं कुणाचं?

रील बघताना हाच प्रश्न विचारायला हवा असं मला वाटतं. रक्त किती खरं दिसतंय याला फारसा अर्थ नाही, गेमिंग कंपन्या ते कधीच शिकल्या आहेत. कडकपणाचे आकडे कुठून आणले आणि ते खऱ्या अवयवाशी ताडून पाहिले का, हे जास्त महत्त्वाचं. कारण चुकीचा सिम्युलेटर नुसता निरुपयोगी नसतो, तो चुकीची सवय लावतो. मशीनमधली ऊती खऱ्यापेक्षा चिवट असेल तर विद्यार्थी जोरात ओढायला शिकेल, आणि तोच हात घेऊन तो पेशंटकडे जाईल.

मग इतकं अर्धवट मशीन कामाचं आहे का?

आता उलटी बाजू. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००२ मध्ये झालेला एक प्रयोग या क्षेत्रात सतत सांगितला जातो. १६ रेसिडेंट डॉक्टरांचे दोन गट केले. एकाला नेहमीचं प्रशिक्षण, दुसऱ्याला त्यासोबत सिम्युलेटरवर सराव. नंतर सगळ्यांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय लिव्हरपासून सोडवलं. कोण कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी व्हिडिओ तपासले. सराव केलेल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता पाचपट होती.

खरी गंमत पुढे आहे. त्या सिम्युलेटरमध्ये लिव्हर नव्हतंच. पित्ताशयही नव्हतं. स्क्रीनवर साधे गोळे आणि चौकोन होते. त्यांना चिमट्याने धरायचं, हलवायचं, ठरावीक ठिकाणी करंट द्यायचा. हाताला जोर जाणवण्याची सोयही नव्हती.

म्हणजे ऊतीची नक्कल व्यर्थ आहे का? तसं नाही. दोन्ही हातांचा मेळ आणि सपाट स्क्रीनवरून खोलीचा अंदाज या गोष्टी चौकोनांवरही शिकता येतात. ऊती किती ओढायची, कुठे थांबायचं, हे चौकोन शिकवत नाही. पहिल्या गोष्टीसाठी साधं मशीन पुरतं, दुसरीसाठी चांगलं मॉडेल लागतं. रीलवाले आणि त्यांच्यावर टीका करणारे, दोघंही या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

अमेरिकेत २०१० च्या सुमारास जनरल सर्जरीच्या बोर्ड प्रमाणपत्रासाठी एफएलएस नावाची परीक्षा सक्तीची झाली. त्यात व्हीआर नाही. एक खोका, त्यात कॅमेरा आणि खुंट्या, दोरे, गॉज. पण ती पास व्हावीच लागते.

मोतीबिंदू: जिथे मॉडेल खरंच कामाला येतं

ऊतीची नक्कल जिथे लागतेच असं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदूचं. डोळ्यातल्या भिंगामागचं आवरण मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाड असतं. केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला तर त्याचा सतरावा-अठरावा भाग. ते फाटलं की गुंतागुंत सुरू.

ब्रिटनमध्ये डोळ्यांच्या सर्जरीसाठी व्हीआर सिम्युलेटर आल्यानंतर काय झालं, याचा अभ्यास २०२० मध्ये आला. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या २६५ प्रशिक्षणार्थींनी केलेल्या १७,८३१ ऑपरेशन्सच्या नोंदी तपासल्या गेल्या. आवरण फाटण्याचं प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होतं, ते २०१५ मध्ये २.६ टक्क्यांवर आलं. सगळं श्रेय मशीनचंच, असं नोंदींवरून ठामपणे म्हणता येत नाही, कारण त्या काळात बाकीचं प्रशिक्षणही सुधारलं असेल. पण घट मोठी आहे.

यातला एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. पायलटना सिम्युलेटरवर शिकवणारी 'फ्लाइटसेफ्टी' कंपनी उभी करणारे अल उल्ट्शी यांनी मुलासोबत २०१० मध्ये 'हेल्पमीसी' ही संस्था सुरू केली. कल्पना सरळ होती, पायलटसारखंच मोतीबिंदूच्या सर्जनलाही घडवायचं. त्यांनी निवडलेली पद्धत आपल्याकडे सरकारी आणि धर्मादाय शिबिरांत सर्रास होते ती, एसआयसीएस. हाताने छोटा छेद देऊन, महागडं फेको मशीन न वापरता केलेलं ऑपरेशन. त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात साधारण निम्म्या जाडीवरून बोगदा खणावा लागतो. फार वर गेलं तर छप्पर फाटतं, फार खोल गेलं तर आधीच आत घुसतं. ही खोली बघून कमी आणि हाताला जाणवून जास्त कळते. या सिम्युलेटरमधली ऊती उभी करण्यात इनरियातूनच निघालेल्या इनसिमो या कंपनीचा हात आहे. संस्थेचं एक प्रशिक्षण केंद्र मुंबईत आहे.

त्याआधी आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी डॉक्टर सराव करतात ते खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांवर. स्वस्त आहे, ऊती खरी आहे. पण त्यात मोतीबिंदू नसतो आणि माणसाच्या म्हाताऱ्या डोळ्याची नजाकतही नसते.

ऑपरेशन थिएटरच्या आत

हीच मॉडेल्स आता प्रशिक्षणाबाहेरही येत आहेत. कवटी उघडली की मेंदू जागचा हलतो, कधी सेंटीमीटरभर किंवा जास्त. मग आधी काढलेल्या एमआरआयवर दिसणारी गाठ प्रत्यक्षात तिथे नसते. ऊतीच्या मॉडेलने हे सरकणं आधीच सांगावं, यावर बरीच वर्षं काम सुरू आहे. 'तुमच्या अवयवाचा डिजिटल जुळा' अशा जाहिराती यातूनच येतात. इथे मात्र निकष कडक लागतील. प्रशिक्षणात मॉडेल चुकलं तर विद्यार्थी पुन्हा बटण दाबतो, थिएटरमध्ये तशी सोय नाही.

आपल्याकडे अडलंय कुठे?

भारतात एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम २०१९ मध्ये आला आणि मेडिकल कॉलेजांत स्किल लॅब सक्तीची झाली. तिथे पुतळ्यावर इंजेक्शन, सीपीआर, टाके असा सराव होतो. बेंगळुरूच्या आयआयएससीतून निघालेल्या मिमिक या स्टार्टअपने एंडोस्कोपीचा सिम्युलेटर बनवला आहे. मुंबईच्या आयआयटीतही हॅप्टिक्सवर, म्हणजे यंत्रातून स्पर्श पोहोचवण्यावर, संशोधन झालं आहे. डोकी आहेत.

पण पहिल्या पेशंटला हात लावण्याआधी इतका सराव पूर्ण हवाच, अशी एफएलएससारखी देशपातळीवरची अट सर्जरीच्या पीजी विद्यार्थ्यांसाठी नाही. काही व्हीआर मशीनची किंमत कोटीच्या घरात जाते, त्यामुळे ती मोजक्या संस्थांतच असतात. खोका आणि कॅमेरा मात्र कुठल्याही कॉलेजला परवडतो. परिपूर्ण आभासी लिव्हरची वाट बघत बसण्याचं कारण नाही, अट आजही घालता येते.

आणि ती नसण्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. कॉर्पोरेट हॉस्पिटलमध्ये पेशंट डॉक्टर निवडतो. सिव्हिलमध्ये किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये येणारा पेशंट बहुतेकदा युनिटला मिळतो आणि नवा डॉक्टर शिकतो तो त्याच्यावरच. 'ऑपरेशन कोण करणार आणि सोबत सीनियर कोण असणार?' हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारण्याचा हक्क त्यालाही आहे. तो प्रश्न विचारणारे फार थोडे असतात.